तिसरी साय

झाड फुललं हे मला टपालवाल्याने सांगितलं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता, सकाळचे अकरा वाजले असतील. तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला होता आणि खुशीत होता. फाटकापासूनच ओरडला, "काका, तुमच्या सासुरवाडीच्या परसातली नासपती काय फुललीय हो! सगळं झाड पांढरं. लोक थांबून फोटो काढतायत."

"कुठली नासपती?" मी विचारलं.

"आता सासुरवाड्या किती आहेत तुम्हाला?" तो हसला. मग त्याला आठवलं असावं की माझी बायको सप्टेंबरात गेली. त्याने टपाल माझ्या हातात दिलं, "येतो" म्हणाला आणि सायकल वळवली.

मी पायरीवर बसलो. टपालात बियाण्यांच्या कंपनीची जाहिरात होती आणि बायकोच्या नावाने चष्म्याच्या दुकानाचं पत्र होतं. डोळे तपासून दोन वर्षं झाली, पुन्हा या, असं लिहिलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. झाड फुललं होतं, म्हणजे आता ते गेलं होतं. हे टपालवाल्याला कळण्यासारखं नव्हतं.

आमची फळझाडांच्या रोपांची छोटी नर्सरी आहे. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी चालवली. कामं वाटलेली होती. खुंटांची, म्हणजे ज्यांच्यावर कलम बांधायचं ती, रोपं वाढवायची, कुंड्या भरायच्या, हिवाळ्यात चांगल्या झाडांच्या काड्या कापून आणायच्या आणि तळघरात ओल्या भुशात पुरून ठेवायच्या, हे माझ्याकडे. मार्च आला की त्या काड्या खुंटांवर बांधून कलमं करायची, हे तिच्याकडे. माझ्या हाताची कलमं लागत नाहीत. चौथ्या वर्षी मी हट्टाने वीस बांधली, त्यातली दोन जगली. "तुमचा हात जड आहे," ती म्हणाली आणि माझ्या हातातून चाकू काढून घेतला. तो मी पुन्हा मागितला नाही.

काडी कापायची ती झाड झोपेत असताना. तिच्यावरचे डोळे, म्हणजे जिथून पुढे पान नाहीतर फूल येतं त्या टोकदार गाठी, घट्ट मिटलेले असावे लागतात. डोळा उघडला की काडी कामातून गेली. जवळ जे साठवलेलं असतं ते ती फुलापानांवर उडवून टाकते आणि खुंटाशी सांधा जुळायच्या आत वाळून जाते.

ही नासपती माझ्या बायकोच्या माहेरच्या परसात होती. कोणी लावली ते ठाऊक नाही. जातीचं नावही कोणाला सांगता आलं नाही. एका मोठ्या नर्सरीवाल्याने सांगितलं की रानटी आहे, तर ही वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. फळ लहान, खरबरीत, झाडावरून काढलं तर दगड. माळ्यावर गवतात घालून ठेवायचं, मग जानेवारीत कधीतरी ते मऊ पडायचं आणि खालच्या खोलीपर्यंत वास यायचा. असं फळ विकत कोण घेणार? म्हणून आम्ही त्याचं कलम कधी केलं नाही. आणि खरं म्हणजे गरजच वाटली नाही. माहेर तिथेच होतं, झाड तिथेच होतं, आठ चौक सोडून.

गेल्या जुलैत मेहुण्याने घर विकलं. एकटा माणूस, गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. घेणारा दातांचा डॉक्टर आहे. त्याला तिथे नवा दवाखाना बांधायचा आहे. मार्चअखेर झाड तोडून जागा मोकळी करून द्यायची, असं ठरलं. हिने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. मला म्हणाली, "या हिवाळ्यात काड्या घेऊ. पोरीला एक झाड, भावाला एक, आपल्याला दोन. उरतील ती कोण मागेल त्याला."

ऑगस्टमध्ये तिला दवाखान्यात ठेवलं. तिथेही तिने काड्यांचा विषय काढला. "पंधरा-वीस घेऊन ठेवा तुम्ही. मार्चमध्ये मी बांधते." मी "बरं" म्हणालो. नर्स सलाईनची बाटली बदलत होती. ती मार्च ऐकून माझ्याकडे बघायचं टाळून खिडकीकडे बघायला लागली.

आता बादलीचं सांगतो. आमच्या मागच्या अंगणात नळाखाली एक पत्र्याची बादली असते. कडक थंडीच्या सकाळी तिच्यातल्या पाण्यावर बर्फाचा पातळ थर धरतो. त्याला आम्ही साय म्हणायचो. तीन सायी धरल्याशिवाय काड्यांना कात्री लावायची नाही, हा तिचा नियम. लागोपाठ नकोत, पण तीन हव्यात. ती माझ्या आधी तासभर उठायची. मी पांघरुणातच असायचो आणि ती दारातून सांगायची, "पहिली झाली." मग काही दिवसांनी, "दोन झाल्या." तिसरी झाली की मी कात्री, सुतळी आणि पोतं घेऊन निघायचो. हे इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही.

या वर्षी थंडी आलीच नाही. नोव्हेंबर उन्हात गेला. कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानाने डिसेंबर लागायच्या आतच अर्ध्या किमतीची पाटी लावली. भिंतीशी रचलेल्या जळणाच्या ढिगातलं वरचं एक लाकूडही मी हलवलं नाही. जानेवारीत स्वयंपाकघरात माश्या होत्या. शेजारीण कुंपणावर हात टेकून म्हणायची, "थंडीने यंदा दांडी मारली बघा. बरं झालं. माझे सांधे सुखात आहेत." सगळे सुखात होते. लोक दुपारी पायऱ्यांवर खुर्च्या टाकून बसायचे.

मी रोज सकाळी उठून चपला घालून बादली बघायला जायचो. आता मीच बघायचो, सांगणारं कोणी नव्हतं. वीस डिसेंबरला साय धरली, पण इतकी पातळ की बादलीला पाय लागला तर मोडली. ती मी मोजली. नऊ जानेवारीला नुसती कडेने एक कड होती. तीही मोजली. तिसरी आली नाही. मी बादली बघायचो, आत यायचो, चहा करायचो आणि बसून राहायचो. आठ चौकांवर जाऊन झाड बघून यावं, हे मी एकदाही केलं नाही. जायला नको वाटायचं. त्या घरात गेलं की ती कुठल्या खिडकीत अभ्यासाला बसायची, कुठल्या पायरीवरून पडली होती, हे सगळं मला माहीत. बादली रोज नाही म्हणत होती, आणि मला ते बरंच वाटत होतं.

टपालवाला गेल्यावर मी तसाच निघालो. झाड रस्त्यावरूनच दिसलं. खरंच पांढरं झालं होतं. फुलांवर मधमाशी एकही नव्हती. मेहुणा परसात एका उलट्या खोक्यावर बसला होता.

"या दाजी," तो म्हणाला. "बघा, मरायच्या आधी नटून बसलंय." मग आपण काय बोललो ते कळून तो खोक्यावर सरकून बसला. त्याने विचारलं, "काड्या घेतल्यात ना तुम्ही? मी घरात नसताना येऊन गेला असाल."

"नाही घेतल्या."

"नाही म्हणजे?"

"तिसरी साय धरली नाही."

"कसली साय?"

मी सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "बादली बघत बसलात? अहो दाजी, जरा वर मान करून बघायचं! मी जानेवारीत इथे बनियनवर बसत होतो."

"तिचा नियम होता तो."

"ताईचे नियम तुम्ही मला नका सांगू. ताई असती तर नाताळाच्या आधी कात्री घेऊन माझ्या उरावर बसली असती."

मी झाडाभोवती फिरलो. दक्षिणेकडच्या सगळ्या फांद्या उमललेल्या. मागे भिंतीच्या सावलीत खालच्या दोन-तीन फांद्यांवर डोळे फुगले होते, पण फुटले नव्हते. मी मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या गावी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी पहिल्या बसने आली. आल्या आल्या तिने माझा फ्रीज उघडून बघितला, दोन डबे वास घेऊन फेकून दिले आणि म्हणाली, "चला बाबा." सावलीतल्या फांद्यांवरून आम्ही बारा काड्या कापल्या. तळघरही उबदार झालेलं, म्हणून ठेवून उपयोग नव्हता, त्याच दिवशी बांधायच्या होत्या. तिच्या आईच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. हिवाळी कलम मुलीने कधी केलेलं नाही. मार्चमध्ये तिची शाळा असायची. म्हणून काप मी घ्यायचे आणि तिने पट्टी गुंडाळायची असं ठरवलं. कोणाचाच हात बरोबर नव्हता.

"बाबा, काप घेताय की लाकूड फोडताय?"

"जड आहे हात माझा. तुझी आई सांगायची."

"आई बरंच काही सांगायची," ती म्हणाली. पट्टी ओढून तिने गाठ मारली. "मामा फोनवर म्हणत होता, तुम्ही बादलीसाठी थांबलात म्हणून. खरं का?"

"तिसरी साय धरली नाही."

तिने हातातलं रोप खाली ठेवलं. "बाबा, आई कुठे बघायची बादली?"

"रोज बघायची. मला सांगायची."

"तुम्हाला सांगायची. तुम्ही नोव्हेंबर लागला की कात्री घेऊन निघायचात. पहिल्या दोन वर्षी तुम्ही इतक्या लवकर कापल्या होत्या की सगळ्या काड्या तळघरात कुजल्या. म्हणून तिने ते काढलं. ती झाडाचे डोळे बघून ठरवायची आणि मग सकाळी तुम्हाला सांगायची, एक झाली, दोन झाल्या."

"साय असायची. मी स्वतः बघितलीय."

"असायची कधी कधी. एका वर्षी नव्हती, तर तिने फ्रीजरमधला बर्फ आणून बादलीत टाकला. मी तिथेच उभी होते. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, आज त्यांना पाठवायचंय."

मला आधी हसू आलं. मग राग आला. माझ्या हातात अर्धी कापलेली काडी होती आणि काप वाळत चालला होता. मी तिथल्या तिथे किती हिवाळे आठवून बघितले, पण कुठला बर्फ खरा आणि कुठला फ्रीजरमधला हे मला सांगता येईना. मी घाई करणारा माणूस होतो, हे खरं आहे. बसस्टॉपवर अर्धा तास आधी जाऊन उभा राहायचो. तिने मला एक वेसण घालून दिली होती आणि मी तिला हवामानाचा कायदा समजत होतो. आता घाई करणारा तो माणूस उरला नव्हता आणि वेसण तेवढी राहिली होती.

"मला सांगायचं होतं तिने," मी म्हणालो.

"कधी?" मुलीने विचारलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "घ्या, तो काप वाळतोय."

बाराही बांधून झाली. मुलगी रविवारी संध्याकाळी गेली. आठव्या दिवशी कलमांवर पानं आली, एकेका काडीवर दोन-दोन, नखाएवढी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लागली की हो!" मी मान हलवली. ती लागलेली नव्हती. काडी आपल्या पोटातलं खाऊन तेवढी पानं काढते, हे मला माहीत होतं. तरी मी रोज सकाळी पाणी घालताना ती मोजायचो. तिसऱ्या आठवड्यात पानं कडेने काळी पडायला लागली. एकेक करत बाराही गेली. मार्चच्या मध्यापर्यंत मी पट्ट्या सोडून टाकल्या. सांधे कोरडे होते, बोटाने ढकललं की सुटत होते.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, डोळे भरायला मला येतं."

मला लगेच कळलं नाही. डोळे भरणं हे दुसऱ्या तऱ्हेचं कलम. त्याला हिवाळ्यातली काडी लागत नाही. यंदाच्या नव्या फुटीवरचा एक डोळा सालीसकट काढायचा आणि खुंटाच्या सालीत सरकवून बांधायचा. ते ऑगस्टमध्ये करतात, फूट पिकल्यावर.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवलंय आईने. शंभरातले नव्वद लागायचे माझे, आठवतं? आई तुम्हाला चिडवायची माझ्यावरून. मी ऑगस्टमध्ये रजा काढते. फक्त झाड तोवर उभं पाहिजे."

"झाड या महिन्याअखेर पाडणार आहेत."

"मग त्या डॉक्टरला सांगा ना. पाच महिने तर मागायचेत. बांधकाम काय झाडापासूनच सुरू करणार आहे का तो?"

मी मेहुण्याकडे गेलो. तो आता दोन खोल्यांच्या जागेत राहायला गेला आहे, तळमजल्यावर. अर्धं सामान अजून खोक्यांत आहे. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी नाही बोलणार, दाजी. मी सही केलीय, जागा मोकळी करून देतो म्हणून."

"अरे, विचारायला काय जातं? नाही म्हणेल फार तर."

"हो म्हणाला तर? आणखी पाच महिने ते झाड तिथे उभं. रोज बाजारात जाताना मला दिसणार. लहानपणी ताई मला त्याच्यावर चढवायची आणि खाली उभी राहून ओरडायची, उतर मेल्या. मला ते नकोच आहे आता डोळ्यांसमोर. पडू दे एकदाचं." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुम्ही बोला. तुम्ही काही सही केलेली नाही. आणि तिची इच्छा तुम्हाला सांगितली होती तिने, मला नाही."

हे त्याचं बरोबर होतं.

गेल्या गुरुवारी मी डॉक्टरच्या सध्याच्या दवाखान्यात गेलो. धुतलेला शर्ट घातला. बाहेरच्या खोलीत पाच-सहा माणसं गाल धरून बसली होती. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "कुठला दात, काका?"

"दात नाही."

"मग हिरडी?"

"डॉक्टरांशी बोलायचं होतं जरा."

"बोलायला सगळेच येतात," ती म्हणाली, "तोंड उघडायला घाबरतात. बसा. सहावा नंबर."

मी बसलो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तुम्ही घेतलेल्या जागेत नासपतीचं झाड आहे, ते ऑगस्टपर्यंत राहू द्या, माझ्या बायकोला त्याची कलमं करायची होती. मग डॉक्टर म्हणतील, होती म्हणजे? मग ते सांगावं लागेल. ओळखीच्या माणसांना मला सांगावं लागलं नाही, त्यांना आपोआप कळलं. परक्या माणसाला समोर बसून, ती गेली, असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. बँकेत गेलो होतो तेव्हाही कागद पुढे सरकवला होता. आणि डॉक्टर शहाणा असेल तर पुढे विचारेल, मग हिवाळ्यात का नाही केलंत? त्याला मी बादलीचं सांगायचं का? फ्रीजरमधल्या बर्फाचं?

आतून यंत्राचा आवाज येत होता. खिडकी उघडी होती, पंखा चालू होता, मार्चमध्ये. माझ्या शेजारची बाई रुमालाने मान पुसत होती. चौथा नंबर आत गेला, पाचवा गेला.

"सहा," ती मुलगी म्हणाली. "चला काका."

मी उभा राहिलो. "थांबलं दुखायचं," असं काहीतरी म्हणालो आणि बाहेर पडलो. जिन्यात मला ती मागून हसल्यासारखी वाटली, पण तिला हसण्यासारखं वाटलं असेल तर तिचंही काही चुकलं नाही.

मुलगी रोज फोन करते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, डॉक्टर भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, सुट्टीवर आहेत. ती म्हणाली, "बाबा, मी बोलू का?" मी म्हटलं, नको, मीच बोलतो. ते मी मनापासून म्हटलं होतं. हे माझंच काम आहे. बायकोने मला सांगितलं होतं आणि मी "बरं" म्हणालो होतो.

इकडे सगळं दोन महिने पुढे आहे. कुंडीतल्या खुंटांना आत्ताच बोटभर फूट आली आहे. रस्त्यावर पोरं अनवाणी खेळतात. नासपतीची फुलं गळून गेली आणि तिला पानं आली. त्यांच्या बगलांत ऑगस्टमध्ये घेता येतील असे डोळे आत्ताच धरायला लागले असतील. मी गेलो नाही बघायला, पण वेळ तीच आहे.

झाड तोडणारी माणसं शुक्रवारी सकाळी येणार, असं मेहुण्याने काल कळवलं. आज मंगळवार आहे. दवाखाना दुपारी चार ते आठ उघडा असतो. डॉक्टरांशी बोलायचं अजून राहिलं आहे.